चार्जिंगचा दिवा

डॅशबोर्डवर लाल रंगाची छोटी चौकोनी बॅटरी उमटते. तिच्या एका बाजूला अधिकचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला उणेचं. ते चित्र पाहून बहुतेक गाडीमालक बॅटरीचं दुकान गाठतात. नवी बॅटरी बसते, सेल्फ जोरात फिरतो, गाडी झटक्यात सुरू होते. दोन-तीन दिवसांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये किल्ली फिरवली की पुन्हा नुसती टकटक. चार-पाच हजार रुपये गेले आणि दोष जिथल्या तिथे राहिला.

हा दिवा बॅटरी चांगली की वाईट हे सांगत नाही. त्याच्या जुन्या, साध्या मांडणीत ते सांगायची सोयच नाही. बॅटरीत वीज भरणारं यंत्र, म्हणजे अल्टरनेटर, काम करतंय की नाही एवढंच तो सांगतो. गच्चीवरच्या टाकीत पाणी असेपर्यंत तळातला पंप बंद पडल्याचं घरात कुणाला कळत नाही, तसंच गाडीत होतं. अल्टरनेटर थांबला तरी बॅटरीतल्या साठ्यावर गाडी धावत राहते आणि चालवणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. दिवा त्या अवधीसाठी आहे. तो नीट वाचता आला तर साठा संपायच्या आत दोष कुठे असावा याचा बराचसा अंदाज गाडीत बसल्या बसल्या बांधता येतो.

त्यासाठी आधी अल्टरनेटरच्या आत डोकवायला हवं. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या बाजूला, बेल्टवर फिरणारा, जाळीदार कवचाचा ॲल्युमिनियमचा गोळा दिसतो. त्याच्या पोटात मधोमध रोटर फिरतो. रोटर म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि त्याभोवती एकमेकांत गुंतलेले लोखंडी पंजे. या वेटोळ्यातून तीन-चार ॲम्पिअर करंट सोडला की पंज्यांचं लोहचुंबक होतं. फिरणाऱ्या वेटोळ्यात करंट पोचवायचं काम पेन्सिलीच्या तुकड्याएवढे दोन कार्बन करतात. ते तांब्याच्या कड्यांवर, म्हणजे स्लिपरिंगवर, स्प्रिंगच्या जोराने टेकलेले असतात आणि वर्षानुवर्षं घासत राहतात. रोटरभोवती स्थिर बसवलेल्या तारांच्या तीन गटांत, म्हणजे स्टेटरमध्ये, वीज तयार होते. ती उलटसुलट दिशेने वाहणारी असते. बॅटरीला एकाच दिशेची वीज लागते, म्हणून निदान सहा डायोडांची प्लेट तिला सरळ करते. शेवटचा भाग रेग्युलेटर. तो रोटरचा करंट कमी-जास्त करून व्होल्टेज साधारण 13.8 ते 14.5 च्या मध्ये धरून ठेवतो.

पूर्वी हे काम डायनॅमो करायचा. जुन्या ॲम्बॅसडर आणि फियाटवाल्यांना आठवत असेल, सिग्नलला गाडी थांबली की हेडलाइट पिवळे पडायचे, कारण कमी फेऱ्यांवर डायनॅमोला पुरेशी वीज देता येत नसे. सिलिकॉनचे डायोड स्वस्त आणि लहान झाले तेव्हा चित्र पालटलं. अमेरिकेत क्रायस्लरने 1960 सालच्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर दिला आणि पुढच्या काही वर्षांत डायनॅमो मागे पडला. आपल्याकडच्या अनेक गाड्यांचे अल्टरनेटर ज्या कारखान्यातून आले, त्या चेन्नईतल्या पाडीच्या लुकास-टीव्हीएसची स्थापना 1961 मध्ये झाली.

आता दिवा. त्याची एक बाजू इग्निशन स्विचमार्गे बॅटरीला जोडलेली असते आणि दुसरी अल्टरनेटरच्या एका छोट्या टर्मिनलला. किल्ली अर्धी फिरवली, इंजिन अजून सुरू केलेलं नाही, अशा वेळी बॅटरीकडे 12 व्होल्ट आणि अल्टरनेटरकडे जवळजवळ शून्य. करंट दिव्यातून वाहतो, पुढे रोटरच्या वेटोळ्यातून जाऊन बॉडीला, म्हणजे अर्थला, मिळतो. दिवा लागतो. इंजिन सुरू झालं की त्या छोट्या टर्मिनलवरही 14 व्होल्ट येतात. दोन्ही बाजू सारख्या झाल्या, करंटला वाहायला कारण उरलं नाही, दिवा विझतो. दिवा विझलाय याचा अर्थ दोन व्होल्टेज बरोबरीत आहेत. या मांडणीत एवढ्या छोट्या बल्बकडे दोन कामं आहेत. इंजिन सुरू होताना रोटरला जो पहिला करंट मिळतो, ज्यामुळे चुंबक जागं होतं आणि वीज बनू लागते, तो या दिव्यातूनच जातो. म्हणजे दिवा खबर देतो आणि अल्टरनेटर चालूही करतो.

म्हणून माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची तपासणी इंजिन सुरू करण्याआधीची आहे. किल्ली अर्धी फिरवा, बटणाची गाडी असेल तर ब्रेक किंवा क्लच न दाबता इग्निशन चालू करा, आणि लाल बॅटरी दिसते का ते पाहा. लोक चालत्या गाडीत पेटलेल्या दिव्याला घाबरतात, पण इंजिन बंद असताना न पेटलेला दिवा जास्त धोक्याचा आहे, कारण त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. बल्ब उडाला असेल, अल्टरनेटरच्या मागचा छोटा कनेक्टर निसटला असेल, कार्बन झिजून स्लिपरिंगपर्यंत पोचत नसतील किंवा रोटरची तार तुटली असेल. कारण कोणतंही असो, जुन्या मांडणीच्या गाडीत रोटरला पहिला करंट मिळणार नाही. काही अल्टरनेटर लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वावर, ॲक्सिलरेटर जोरात दाबल्यावर जागे होतात. काही होतच नाहीत. डॅशबोर्डवर मात्र लाल असं काहीच नसतं आणि गाडी अर्ध्या वाटेत बसते. जुनी गाडी विकत घेताना तर ही तपासणी चुकवूच नये. दोष झाकण्यासाठी बल्ब काढून ठेवलेली गाडीही बाजारात मिळते, आणि किल्ली अर्धी फिरवल्यावर तिथे रिकामी जागा दिसते.

दिवा लागत नसेल तर पुढची परीक्षा एका पान्याने होते. किल्ली अर्धी फिरलेली, इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. दहा-बाराचा साधा लोखंडी पाना अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला, बेअरिंग बसतं त्या मध्यभागाजवळ न्यायचा. रोटरमध्ये करंट जात असेल तर शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरवर पाना हातातून ओढला जातो आणि कवचाला टक् करून चिकटतो. किल्ली बंद केली की पकड सुटते. हे स्वतः करून पाहण्यासारखं आहे, कारण न दिसणारा करंट त्या क्षणी बोटांना जाणवतो. पाना ओढला गेला तर कार्बन, स्लिपरिंग आणि रोटरची तार ठीक, दोष बहुधा पुढे डायोडांत. ओढला गेला नाही तर आधी बल्ब आणि तो छोटा कनेक्टर, मग कार्बन पाहायचे. कॉम्प्युटरच्या हुकमाने चालणाऱ्या नव्या अल्टरनेटरमध्ये इंजिन फिरू लागेपर्यंत रोटरला पूर्ण करंट देतच नाहीत, त्यामुळे तिथे ही परीक्षा लागू पडत नाही.

चालत्या गाडीत दिवा कसा लागतो यावरून बरंच काही कळतं. इंजिनाच्या सगळ्या वेगांवर ठसठशीत लाल असेल तर वीज बनणंच थांबलंय: बेल्ट तुटला किंवा रेग्युलेटर गेला. दिवसा कळणार नाही इतका मंद, पण रात्री बोगद्यात शिरल्यावर तांबूस दिसणारा आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर किंचित वाढणारा उजेड असेल तर संशय डायोडांवर घ्यावा, किंवा अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतच्या जाड वायरच्या गंजलेल्या जोडावर. दोन्ही बाजूंच्या व्होल्टेजमध्ये एक-दोन व्होल्टचा फरक राहतो आणि तेवढ्यावर बल्बची तार लालसर होते. अशी गाडी अनेक दिवस चालते. चार्जिंग होतं, पण अपुरं. पावसाळ्यात वायपर, हेडलाइट, काचेवरचं धुकं घालवायला ब्लोअर, असं सगळं एकदम सुरू झालं की मग ते उघडं पडतं.

सिग्नलवर थांबलं की लुकलुकतो आणि निघालं की विझतो, असा दिवा कार्बनच्या अखेरच्या दिवसांत दिसतो. आयडलिंग फार खाली आलं असेल किंवा बेल्ट ढिला असेल तरीही तसंच होतं. बेल्टची ओळख कानाने पटते. सकाळी थंड इंजिन सुरू करून हेडलाइट आणि ब्लोअर लावले की दोन-चार सेकंद कर्कश किंकाळी येते, कारण भार वाढल्यावर अल्टरनेटर फिरायला जड होतो आणि सैल बेल्ट पुलीवरून घसरतो. खड्ड्यात आपटल्यावरच दिवा लुकलुकत असेल तर सुट्या झालेल्या कनेक्टरशिवाय दुसरीकडे पाहू नये. पाणी साचलेल्या रस्त्यातून गेल्यावर लागला आणि तासाभराने विझला, तर भिजलेला बेल्ट. पण बऱ्याच इंजिनांवर अल्टरनेटर खालच्या अंगाला असतो. गढूळ पाणी त्याच्या जाळीतून आत शिरलं असेल तर काही आठवड्यांनी बेअरिंग घरघरू लागतं.

फार थोड्यांना माहीत असलेलं एक लक्षण आहे: किल्ली काढून घेतल्यावरही मंद जळत राहणारा दिवा. अधिक बाजूचा एखादा डायोड शॉर्ट झाला की बॅटरीची वीज उलट वाटेने अल्टरनेटरमध्ये शिरते आणि रात्रभर रोटर तापवत बसते. तीन-चार ॲम्पिअर दहा तास वाहिले तर 30 ते 40 ॲम्पिअर-तास होतात, आणि लहान हॅचबॅकच्या बॅटरीची सगळी क्षमताच साधारण 35 ॲम्पिअर-तास असते. सकाळी गाडी मेलेली सापडते आणि दोष पुन्हा बॅटरीच्या माथी बसतो. अशा वेळी बॉनेट उघडून अल्टरनेटरला हात लावून पाहावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत तो कोमट लागायचं काही कारण नाही.

दिव्याला एक बाजू दिसतच नाही. रेग्युलेटर बिघडून व्होल्टेज 15-16 वर गेलं तर साध्या मांडणीत दोन्ही बाजू सारख्याच वर चढतात आणि दिवा निवांत विझलेला राहतो. तिथे डोळे-नाक उघडे ठेवावे लागतात: हेडलाइटचे बल्ब वारंवार उडणं, बॅटरीतलं पाणी भराभर कमी होणं, बॉनेट उघडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास.

आता शेजारचे दिवे. काही जपानी गाड्यांत लाल बॅटरीबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागतो. हँडब्रेक सुटलेला, ब्रेक ऑइल पुरेसं, आणि तरी दोन्ही दिवे एकदम. हा ब्रेकचा दोष नसतो. इंजिन सुरू होण्याआधी ब्रेकचा बल्ब शाबूत आहे का हे दाखवण्यासाठी त्याची वायर अल्टरनेटरच्या त्याच छोट्या टर्मिनलवरून नेलेली असते. तिथलं व्होल्टेज पडलं की दोघेही उजळतात. मात्र ऑइलची पातळी स्वतः डोळ्यांनी पाहिल्याशिवाय असा निष्कर्ष काढू नये.

जुन्या डिझेल गाड्यांत मात्र बॅटरीचा दिवा आणि ब्रेक यांचं नातं खरोखर जिवावरचं आहे. टाटा सुमो, महिंद्रा बोलेरो यांच्या अनेक मॉडेलांत ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे, त्याच्याच दांड्यावर बसवलेला असतो. बेल्ट तुटला की वीज थांबते आणि व्हॅक्यूमही थांबतो. बूस्टरमध्ये उरलेला साठा दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंत पुरतो, मग पेडल दगडासारखं होतं. ब्रेक लागतात, पण पायाचा सगळा जोर लावावा लागतो. कुंभार्ली किंवा वरंध घाट उतरताना भरल्या गाडीत लाल बॅटरी दिसली तर ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून पाहू नयेत. खालचा गिअर टाकावा, इंजिनाच्या ओढीवर वेग आणावा आणि पहिल्या रुंद जागी, एकाच सलग दाबात, गाडी थांबवावी. वाहतुकीच्या धंद्यात या गाड्या अजून खूप आहेत. त्या चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

बॅटरीचा दिवा आणि पाठोपाठ वर चढणारा तापमानाचा काटा, ही जोडी दिसली तर एक मिनिटही पुढे जाऊ नये. अनेक इंजिनांत पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असतो. वीज नसली तर गाडी नुसती बंद पडते, पाणी फिरलं नाही तर हेड गॅस्केट जातं आणि इंजिन उघडावं लागतं.

एबीएस, एअरबॅग, इलेक्ट्रिक स्टिअरिंग हे दिवे एकामागून एक लागत गेले तर प्रत्येकाचा वेगळा दोष शोधू नये. व्होल्टेज घसरू लागलं की प्रत्येक कॉम्प्युटर आपापल्या मर्यादेवर काम सोडतो. इलेक्ट्रिक स्टिअरिंगची भूक मोठी असते, त्यामुळे ते लवकर हात टेकतं आणि चाक एकदम जड होतं. नव्या गाड्यांत लाल बॅटरीही बल्ब राहिलेली नाही. कॉम्प्युटर अल्टरनेटरशी संदेशांनी बोलतो आणि एलईडी लावतो किंवा विझवतो, त्यामुळे तांबूस, मंद उजेडाची खूण तिथे मिळत नाही. बदल्यात स्कॅनर जोडला की कोड मिळतो: पी 0562 म्हणजे व्होल्टेज कमी, पी 0563 म्हणजे जास्त, पी 0620 आणि पी 0622 म्हणजे अल्टरनेटरच्या नियंत्रणाच्या वायरिंगमध्ये गडबड.

अंदाज पक्का करायला साधा मल्टीमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीत, इंजिन बंद असताना, भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे निम्मी रिकामी. इंजिन सुरू करून 14 च्या आसपास यायला हवं. मग हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं लावून इंजिन थोडं वर धरायचं. आकडा 13.5 च्या वर टिकला तर अल्टरनेटर भार पेलतोय. 12.6 च्या खाली सरकत राहिला तर नाही. नंतर मीटर एसीवर फिरवून बॅटरीवरच लावायचा. डायोड नीट असतील तर 0.1 व्होल्टच्या आत काहीतरी दिसेल. अर्ध्या व्होल्टच्या आसपास दिसलं तर एखादा डायोड गेला म्हणून समजा. नव्या 'स्मार्ट' अल्टरनेटरच्या गाड्यांत, मारुतीच्या एसएचव्हीएस, म्हणजे सौम्य हायब्रिड, गाड्यांतही, कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी करतो आणि वेग कमी करताना वाढवतो. तिथे 12.7 वाचून अल्टरनेटर बदलायला निघू नये. हेडलाइट लावून पाच मिनिटं आकडा पाहत राहावं.

रस्त्यावरच्या एका जुन्या परीक्षेबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढायचं, इंजिन चालू राहिलं तर अल्टरनेटर चांगला. डायनॅमोच्या काळात हे खपून जायचं. आज बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर, इंजिनाचा कॉम्प्युटर यांपैकी काहीही जळू शकतं. कुणी टर्मिनलकडे पाना नेला तर त्याचा हात धरावा.

दिवा लागलाच, तर किती अंतर हातात आहे? द्रुतगती मार्गावर, रात्री, पावसात, साध्या पेट्रोल हॅचबॅकचा हिशोब करू. इंधनपंप, इग्निशन आणि कॉम्प्युटर मिळून साधारण 12 ॲम्पिअर. हॅलोजनचे दोन हेडलाइट 120 वॉट, म्हणजे 10. टेललाइट आणि डॅशबोर्डचे 3, वायपरचे 4, एसीचा ब्लोअर आणि क्लच मिळून 12, रेडिएटरचा पंखा अधूनमधून 8-10. बेरीज 45 ते 50. कागदावर 35 ॲम्पिअर-तासांची बॅटरी पाऊण तास देते, पण व्होल्टेज 10 च्या खाली गेलं की इंजिन त्याआधीच मरतं. अर्धा तास धरावा. एसी, म्युझिक, मोबाइलचं चार्जिंग बंद केलं तर तेच पन्नासएक मिनिटांवर जातं. दिवस असेल आणि पाऊस नसेल तर दीड-दोन तासही मिळतात. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनाला फक्त इंधन उघडं ठेवणाऱ्या सोलेनॉइडपुरती वीज लागते, ते दिवसभर चालू शकतं. कोणत्याही गाडीत वाटेत चहासाठी इंजिन बंद करू नये. सेल्फला शंभर-दीडशे ॲम्पिअर लागतात आणि तेवढे बॅटरीत उरलेले नसतात.

ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पोचल्यावर लगेच नव्या अल्टरनेटरला हो म्हणू नका. कार्बन किंवा रेग्युलेटर गेला असेल तर तेवढाच भाग बदलता येतो आणि खर्च काही पटींनी कमी येतो. डायोड प्लेट आणि बेअरिंगही अनेक मॉडेलांना सुटे मिळतात. स्टेटरची तार जळून काळी पडली असेल, जळक्या वार्निशचा वास येत असेल, तरच पूर्ण बदलायचा विचार करावा. अल्टरनेटर दुरुस्त होऊन बसला की रिकामी झालेली बॅटरी आधी चार्जरवर रात्रभर लावून भरून घ्यावी. मेलेल्या बॅटरीला शून्यापासून भरायच्या नादात अल्टरनेटर तासन्‌तास पूर्ण भाराने फिरतो, तापतो, आणि नुकतेच बसवलेले डायोड पुन्हा जाऊ शकतात.